साईटवरचा राडारोडा कुणाला द्यायचा? डेब्रिजवाला निवडताना काय काय बघायचं

सिमेंट, सळई, टाईल्स घेताना लोक चार-चार कोटेशन मागवतात, सॅम्पल घासून बघतात, आणि राडारोडा उचलायची वेळ आली की जो कोणी डंपर घेऊन गेटवर उभा असेल त्याला "एका ट्रिपचे किती?" विचारून मोकळे होतात. ट्रिपचा रेट हा या धंद्यातला सगळ्यात फसवा आकडा आहे. का ते पुढे सांगतो, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: डेब्रिज गेटबाहेर गेलं म्हणून तुमचा संबंध सुटत नाही. ते नाल्यात, कुणाच्या मोकळ्या प्लॉटवर किंवा रात्री रस्त्याच्या कडेला सापडलं तर शोधणारे फिरून साईटवरच येतात, कारण ढिगात तुमच्या टाईल्सचे खोके आणि तुमचं नाव लिहिलेलं चलन असतं. बऱ्याच ठिकाणचे कायदेही असंच सांगतात की कचरा ज्याच्या कामातून निघाला त्याची जबाबदारी फक्त गाडी भरून दिल्याने संपत नाही. त्यामुळे पुढचं सगळं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: माल नक्की कुठे उतरला हे हा माणूस कागदावर दाखवू शकतो का?

आधी आपला माल ओळखा

सप्लायरला फोन करायच्या आधी आपल्याकडे काय आणि किती निघणार याचा अंदाज काढा, नाहीतर तो सांगेल तेच खरं मानावं लागतं. अंदाज काढणं अवघड नाही. समजा एक 10 मीटर लांब, 3 मीटर उंच, 23 सेंटिमीटर जाडीची विटांची भिंत पाडायची आहे. उभी असताना ती भरते साधारण 6.9 घनमीटर. वीटकामाचं वजन घनमीटरला ढोबळमानाने 1.9 टन धरा, म्हणजे झाले 13 टन. पण पाडल्यावर तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात, माल फुगतो, दीडपट धरला तर ढीग होतो 10 घनमीटरच्या थोडा वर. आता तुमची गाडी 6 घनमीटरची असेल तर दोन ट्रिपा, दुसरी जरा रिकामी. ही दोन मिनिटांची आकडेमोड केली की कुणी "पाच ट्रिपा लागतील साहेब" म्हणालं तर तुम्हाला लगेच कळतं. ब्रासमध्ये बोलणाऱ्याशी बोलताना लक्षात ठेवा की 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे साधारण 2.83 घनमीटर, आणि तो ब्रास उभ्या भिंतीचा का सुट्या ढिगाचा हे आधी विचारून घ्या, निम्मी भांडणं तिथेच होतात.

मातीचंही तसंच. खोदली की फुगते, वाळूमिश्रित असेल तर कमी, चिकणमाती असेल तर 30-40 टक्क्यांपर्यंत सुद्धा. आणि स्वच्छ माती कधीही डेब्रिजमध्ये मिसळू देऊ नका, ती भरावासाठी कुणाला तरी हवीच असते, एकदा त्यात विटांचे तुकडे आणि प्लास्टिक गेलं की ती पण कचरा होते आणि तिचेही पैसे मोजावे लागतात.

माल टप्प्याटप्प्याने बदलतो हे लोक विसरतात. पाडकामात जड माल, काँक्रीट-वीट-प्लास्टर. स्ट्रक्चर चालू असताना सळईचे तुकडे, सेंट्रिंगचं (काँक्रीट ओतायच्या साच्याचं) लाकूड, खिळे. फिनिशिंगला येताना पुठ्ठा, प्लास्टिक, थर्माकोल, जिप्सम बोर्डाचे तुकडे, रंगाचे डबे. म्हणजे सुरुवातीला वजनाने गाडी भरते आणि शेवटी नुसत्या आकाराने भरते, थर्माकोल तर 98 टक्के हवाच असते. पाडकामाला उत्तम असलेला सप्लायर फिनिशिंगला महाग पडू शकतो. दोन टप्प्यांना दोन वेगळे सप्लायर ठेवले तरी चालतं, त्यात कमीपणा काही नाही.

पहिला फोन

फोनवर रेट विचारायच्या आधी हे विचारा: गाड्या तुमच्या स्वतःच्या का भाड्याच्या? माल कुठे खाली करता, जागेचं नाव आणि पत्ता काय? तिथली परवानगी कुणाच्या नावावर आहे आणि कधीपर्यंत आहे? वजन कुठे होतं? सगळं एका दमात नका विचारू, पण दुसऱ्या प्रश्नाला समोरचा कसा उत्तर देतो ते ऐका. सरळ माणूस जागेचं नाव पटकन सांगतो, कारण त्याची गाडी रोज तिथेच जाते. "आमची सोय आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका" असं उत्तर आलं तर टेन्शन घ्यायची हीच वेळ आहे.

मध्यस्थ असणं वाईटच असं माझं मत नाही. काही मध्यस्थ चांगलं काम करतात, चार गाडीवाले त्यांच्या हातात असतात आणि एक गाडी बंद पडली तर दुसरी येते. फक्त मग करारात असं हवं की गाडी कुणाचीही असो, कागद मध्यस्थाच्याच नावाने मिळणार आणि चुकीच्या जागी माल गेला तर उत्तर तोच देणार. "मी काम दुसऱ्याला दिलं होतं, त्याने काय केलं मला माहीत नाही," हे वाक्य नंतर ऐकायचं नसेल तर आत्ता लिहून घ्या.

परवान्याची कॉपी मागा, आणि नुसती बघून परत देऊ नका, वाचा. वाहतुकीचा परवाना वेगळा, माल ठेवायचा-प्रोसेस करायचा परवाना वेगळा, आणि कुठल्या प्रकारचा कचरा घेता येईल ते त्यात लिहिलेलं असतं. पुष्कळदा वाहतुकीचा कागद दाखवून "सगळं लायसन आहे" म्हणतात. परवाना देणाऱ्या ऑफिसकडे नंबर तपासून बघता येत असेल तर नक्की बघा, मुदत संपलेले कागद छान लॅमिनेट करून फिरत असतात.

प्लांट बघायला जा, न सांगता गेलात तर उत्तम

प्लांट म्हणजे जिथे राडारोडा उतरवून वेगळा करतात आणि फोडून पुन्हा वापरायचा करतात ती जागा. निम्मे लोक हे टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कळतं ते इथेच. गेटवर वजनकाटा आहे का, आणि गाड्या खरंच त्यावर थांबतात का नुसत्या वरून जातात. आत माल वेगवेगळ्या ढिगात आहे का, काँक्रीट एकीकडे, लाकूड एकीकडे, का सगळा एकच डोंगर. क्रशर (काँक्रीट फोडायचं मशीन) असेल तर त्यावर धूळ साचलीय का तो चालू आहे, पट्ट्यावर सळई ओढून घ्यायला चुंबक लावलाय का, धूळ दाबायला पाणी मारतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तयार माल बाहेर जातोय का? क्रश केलेल्या काँक्रीटचा ढीग वर्षानुवर्षं वाढतच चालला असेल, त्यावर गवत उगवलं असेल, तर ते रिसायकलिंग म्हणायचं का साठवण ते तुम्हीच ठरवा.

क्रश केलेल्या काँक्रीटची खडी सगळीकडे चालत नाही, हे पण समजून घ्या, म्हणजे कुणी फेकाफेक केली तर ओळखता येईल. तिला जुनं मॉर्टर (सिमेंट-वाळूचा मसाला) चिकटलेलं असतं, त्यामुळे ती नव्या खडीपेक्षा जास्त पाणी पिते. रस्त्याच्या खालच्या थराला, भरावाला, पेव्हर ब्लॉकला ती उत्तम जाते, स्ट्रक्चरच्या काँक्रीटमध्ये वापरायची तर मोजूनमापून आणि टेस्ट करूनच. त्यात जिप्समचे तुकडे गेले तर आणखी वांधे, कारण जिप्सममधला सल्फेट सिमेंटशी रिअ‍ॅक्ट होऊन फुगतो आणि तडे जातात. म्हणून चांगला प्लांट तुमच्याकडून येणाऱ्या मालातल्या पीओपी आणि जिप्सम बोर्डाबद्दल कटकट करतो. ही कटकट ऐकली की खूष व्हा, याला माल विकायचाय म्हणजे तो खरंच काहीतरी बनवतोय.

"आम्ही 90-95 टक्के रिसायकल करतो" असं ब्रोशरवर असतं. तिथे तीन गोष्टी विचारा. हा आकडा वजनाचा का आकारमानाचा? सगळ्या प्लांटचा सरासरी आकडा आहे का माझ्या साईटच्या मालाचा? आणि यात खड्डे भरायला टाकलेला माल आणि जाळलेलं लाकूड धरलंय का? तिसऱ्या प्रश्नाला आकडा बराच खाली येतो. खड्डा भरणं वाईट असं नाही, पण त्याला रिसायकलिंगच्या खात्यात टाकून तुमच्या रिपोर्टमध्ये चिकटवायचं असेल तर तुम्हाला माहीत असलं पाहिजे, खास करून ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट घ्यायचं असेल तर, तिथे वजनाचे कागद मागतात.

रेट

आता रेटवर येऊ. ट्रिपचा रेट फसवा असतो कारण ट्रिप किती भरली ते तुम्ही ठरवत नाही. पाऊण भरून निघालेली गाडी आणि काठोकाठ भरलेली गाडी, दोन्हीचं बिल एकच. टनाचा रेट त्यापेक्षा बरा, पण त्यालाही एक भोक आहे: पाणी. धूळ उडू नये म्हणून ढिगावर पाणी मारणं बरोबरच आहे, पण भरायच्या अगदी आधी पाईप सोडून ठेवला किंवा रात्रभर पाऊस पडला आणि ढीग उघडा राहिला तर तुम्ही पाण्याचे पैसे टनाने देता. ताडपत्री टाका, एवढाच उपाय आहे. जड माल टनाने आणि हलका माल कंटेनरने (साईटवर ठेवून जातात ती मोठी लोखंडी पेटी), असं ठरवलं तर दोघांनाही परवडतं.

कंटेनर ठेवून जाणाऱ्यांचा हिशोब जरा वेगळा. वर दिसतो तो रेट कमी असतो आणि खाली बारीक अक्षरात बाकीचं. किती दिवस फुकट आणि त्यानंतर रोजचं भाडं किती, गाडी येऊन गेट बंद सापडलं तर फेरीचे पैसे किती, भरायला वेळ लागला तर थांबण्याचे किती, वजन जास्त झालं तर किती, आणि "मिक्स माल" निघाला तर किती. शेवटचं सगळ्यात जास्त महागात पडतं, कारण मिक्स कशाला म्हणायचं ते प्लांटवर बसलेला माणूस ठरवतो आणि तुम्ही तिथे नसता. त्यामुळे आधीच लिहून घ्या की मिक्स म्हणजे नक्की किती आणि काय, आणि तो चार्ज लावायचा असेल तर गाडी खाली करतानाचा फोटो त्याच दिवशी पाठवायचा, महिन्याच्या शेवटी बिलासोबत नाही.

सगळी कोटेशनं एकाच मापाने तोला. वरची ती भिंत घ्या, अधिक समजा 2 टन लाकूड आणि एक कंटेनर पुठ्ठा-प्लास्टिक, आणि प्रत्येकाला सांगा की एवढ्या मालाचं सगळं धरून बिल काढून दे. ट्रिपवाला, टनवाला, कंटेनरवाला, तिघं एका रांगेत येतात आणि स्वस्त कोण ते तेव्हाच कळतं. एखादा बाकीच्यांच्या निम्म्याने आला तर त्याला विचारा की प्लांटवर टाकायची फी, डिझेल आणि ड्रायव्हर यात बसतात कसे. बसत नसतील तर तो माल प्लांटवर जात नाहीये, एवढं साधं आहे.

काट्याची पावती कशी वाचायची

पावती मिळाली म्हणजे पुरावा मिळाला असं नाही, ती वाचावी लागते. समजा पावतीवर असं आहे: भरलेली गाडी 15,760 किलो, रिकामी 8,140, निव्वळ माल 7,620. आधी वजाबाकी बरोबर आहे का बघा, हसू नका, चुकलेल्या असतात. मग 7.62 टन भागिले गाडीचे 6 घनमीटर, आलं 1.27. सुट्या विटांच्या राडारोड्याला हे पटण्यासारखं आहे. हाच आकडा 2 च्या पुढे गेला तर सुट्या मालात ते वजन बसतच नाही, गाडीत दुसरं काहीतरी आहे किंवा काटा खोटं बोलतोय. मग रिकाम्या गाडीचं वजन बघा, एकाच नंबरच्या गाडीचं ते रोज जवळपास तेवढंच यायला हवं, डिझेल आणि ड्रायव्हरच्या फरकाने थोडं इकडेतिकडे. आज 8,140 आणि परवा 7,300 असेल तर विचारायचं. उलट पंधरा पावत्यांवर किलोकिलो सारखंच वजन असेल तर ते काट्यावर न घेता कॉम्प्युटरमध्ये सेव्ह केलेलं आहे, तेही विचारायचं. निव्वळ वजन नेहमी गोल आकड्यात, 8,000, 9,000, असं येत असेल तर काटा नाही, अंदाज आहे.

शेवटी वेळ. तुमच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये गाडी 11 वाजून 10 मिनिटांनी बाहेर पडली आणि काट्यावर 11 वाजून 18 मिनिटांनी पोचली, आणि प्लांट तासाभराच्या रस्त्यावर आहे, तर ती पावती दुसऱ्याच कुठल्या तरी मालाची आहे. त्यासाठी गेटवर गाडी नंबर, मालाचा प्रकार आणि बाहेर पडायची वेळ लिहिणारा एक माणूस हवा. वॉचमनला हे नीट समजावून द्या आणि आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः रजिस्टर आणि पावत्या शेजारी ठेवून बघा. हा अर्धा तास कुठल्याही अ‍ॅपपेक्षा भारी पडतो, जीपीएस ट्रॅकिंग देतो म्हणणाऱ्यांचं घ्या जरूर, पण जीपीएस गाडी कुठे होती ते सांगतं, माल कुठे उतरला ते नाही.

धोकादायक माल

इथे मात्र स्वस्त-महाग बाजूला ठेवा. जुन्या इमारतीत पाडकामाच्या आधी जाणकाराकडून सर्व्हे करून घ्या, सिमेंटचे जुने पत्रे, पाईप, पाईपवरचं इन्सुलेशन, जुन्या फ्लोअरच्या टाईल्स, यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पत्रा अखंड आहे तोवर धोका कमी, हातोडा मारला, कापला, की त्याचे बारीक तंतू हवेत जातात आणि ते फुफ्फुसात गेले की आजार 20-30 वर्षांनी सुद्धा निघतो. ते ओलं करून, न फोडता काढून, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, त्याचाच परवाना असलेल्या माणसाकडे जायला हवं. "टाका साहेब डेब्रिजमध्ये, कोण बघतंय" म्हणणारा सप्लायर तिथल्या तिथे बाद करा, कारण तो बाकीच्या मालाचंही तेच करत असणार.

ट्यूबलाईट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या फोडू नका, खोक्यात उभ्या ठेवा. जुन्या रंगात शिसं, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड, उरलेला थिनर, तेलाचे डबे, हे सगळं वेगळं. ते औषधवालं लाकूड शेकोटीला तर अजिबात नको, काही प्रकारांमध्ये आर्सेनिक असतं आणि ते धुरात आणि राखेत येतं. जिप्सम तसं निरुपद्रवी दिसतं पण ओल्या कचऱ्यासोबत हवा न लागता गाडलं गेलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो तोच, आणि जास्त प्रमाणात तो जीव घेतो. ट्रान्झिट मिक्सर (तयार काँक्रीट आणणारी गाडी) धुतलेलं पाणी पण या यादीत धरा, त्याचा पीएच 12 च्या आसपास असतो, कातडी भाजते, ते गटारात सोडायचं नाही, अस्तर टाकलेल्या खड्ड्यात साठवून घट्ट झालं की उचलायचं. यातलं कोण काय घेणार आणि काय घेणार नाही, हे सप्लायरकडून लेखी घ्या.

साईटवरचं गणित

कागद सगळे छान आणि गाडी गेटमधूनच जात नाही, असंही होतं. सप्लायरचा माणूस साईट बघायला येतोय का ते बघा, न बघता कोटेशन देणारा नंतर एक्स्ट्रा मागतो. गेटची रुंदी, वळायला जागा, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, कारण डंपरची बॉडी वर उचलली की ती बरीच उंच जाते. कंटेनर जिथे ठेवायचा तिथे खाली ड्रेनेजची झाकणं किंवा पाण्याची टाकी नाही ना. गाडी रिव्हर्स घेताना मागे बघायला माणूस कोण देणार, तुम्ही का ते, हे आधीच ठरवा, साईटवरचे बरेच वाईट अपघात रिव्हर्समध्येच होतात.

आणि वेळ पाळणं. स्लॅबच्या दिवशी गेटसमोर भरलेला कंटेनर उभा आणि मिक्सर रस्त्यावर अडकलेला, यात होणारं नुकसान वर्षभराच्या रेटमधल्या फरकापेक्षा जास्त असतं. म्हणून विचारा की फोन केल्यावर किती तासात गाडी बदलून मिळेल, आणि नाही मिळाली तर काय. त्याच्या आत्ता चालू असलेल्या दोन-तीन साईटच्या सुपरवायझरशी बोला, मालकाशी नको, मालकाला बिल माहीत असतं, गाडी आली का नाही ते सुपरवायझरला माहीत असतं.

आधी थोडं काम देऊन बघा

सगळं काम एकदम देऊ नका. पहिल्या आठवड्याच्या गाड्या ट्रायल म्हणून ठरवा आणि त्यात एखाद्या गाडीमागे कुणाला तरी बाईकवरून पाठवा, लपून नाही, करारातच लिहा की आम्ही कधीही मागे येऊ शकतो. जो याला हरकत घेतो त्याचं उत्तर मिळालंच.

करार चार पानांचा नसला तरी चालेल, पण एक अट हवीच: पावतीशिवाय पेमेंट नाही. गेटचं चलन, काट्याची पावती आणि प्लांटचा शिक्का असलेली पोच, तीनही जोडलेले असतील त्याच गाडीचे पैसे. ही एक अट नीट पाळली तर बाकीच्या अटींची फारशी गरज पडत नाही, पण पाळायला अकाउंट्सवाल्याला पण सांगून ठेवा, नाहीतर साईटवर तुम्ही कडक आणि ऑफिसमधून चेक सुटलेला. पेमेंट मात्र वेळेवर करा हां, तीन महिने पैसे अडकवून ठेवलेला गाडीवाला जवळच्या जवळ माल टाकायला लागतो, त्याला डिझेल परवडत नसतं.

भंगाराचं पण सुरुवातीलाच ठरवून टाका. सळई, अ‍ॅल्युमिनियम, तांब्याची वायर याला किंमत असते आणि सप्लायर बऱ्याचदा ते धरूनच रेट कमी लावतो. तुम्ही इकडे सळई भंगारवाल्याला विकली आणि तिकडे कमी रेट पण मागितला तर तो दुसरीकडून वसूल करणार. भंगार तुमचं असेल तर त्याला ते कोटेशन देतानाच सांगा, त्याचं असेल तर त्याचंही वजन पावतीवर आलं पाहिजे, आणि लेबर लोक मधल्यामध्ये वायर जाळून तांबं काढत नाहीत ना तेवढं बघा, त्या धुराची तक्रार शेजारचे तुमच्याच नावाने करतात.